‘चेष्टा’ मराठीत बिघडलेली नाही

माजलगावच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘चेष्टा’ हा शब्द एकाच दिवसात दोन अर्थांनी भेटू शकतो. हिंदीच्या तासाला चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीच्या तासाला, आणि त्याहून अधिक मधल्या सुट्टीत, चेष्टा म्हणजे थट्टा. मुलांचा यात गोंधळ होत नाही. कुठल्या भाषेत कुठला अर्थ लावायचा हे त्यांना न सांगता कळते. गोंधळ होतो तो शब्दांच्या शुद्धतेची काळजी वाहणाऱ्या मोठ्यांचा. त्यांनी एक निवाडा देऊन टाकला आहे आणि तो इतका मुरला आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. चेष्टा या संस्कृत शब्दाचा खरा अर्थ प्रयत्न. हिंदी-बंगालीने तो जपला आणि मराठीने बिघडवला, असा तो निवाडा आहे.

हा निवाडा चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. तो संस्कृताच्या कसोटीवर टिकत नाही, शेजारच्या भाषांच्या साक्षीवर टिकत नाही आणि मराठीच्या स्वतःच्या व्यवहारावर तर मुळीच टिकत नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडायला हवा. त्याचा पहिला आधार मूळ अर्थाचा आहे: संस्कृतात ‘चेष्ट्’ म्हणजे धडपडणे, उद्योग करणे; त्यात हसण्या-हसवण्याचा मागमूस नाही. दुसरा आधार शेजारधर्माचा: हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया, नेपाळी या साऱ्यांत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठी एकटीच वेगळी वागते, म्हणजे वाट तिचीच चुकली असणार. तिसरा आधार उपयुक्ततेचा: थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, उपहास असे इतके शब्द पदरी असताना एका भारदस्त तत्सम शब्दाला या कामाला का जुंपावे? त्याने शब्द वाया जातो आणि संस्कृत किंवा हिंदी वाचताना मराठी माणसाची फसगत होते. या तिन्हींवर शिक्का म्हणून भाषाशास्त्रातली एक संज्ञा उमटवली जाते: अर्थापकर्ष. म्हणजे वरच्या पायरीवरचा अर्थ खाली घसरला.

आता एकेक आधार तपासू.

पहिला मूळ अर्थाचा. यात पाणिनीइतका जुना आणि काटेकोर साक्षीदार दुसरा नाही. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातले बारावे सूत्र गत्यर्थक धातूंविषयी आहे. जिथे जायचे त्या ठिकाणाच्या नावाला द्वितीया लावा किंवा चतुर्थी, दोन्ही चालतात, असे ते सांगते. मात्र त्याला एक अट घालते आणि ती अट ‘चेष्टायाम्’ या शब्दाने घालते. गावाला जाणाऱ्याबद्दल ‘ग्रामं गच्छति’ म्हणता येते, तसेच ‘ग्रामाय गच्छति’ही म्हणता येते. पण मनाने हरीकडे जाणाऱ्याला चतुर्थीची मुभा नाही. का नाही? कारण तिथे चेष्टा नाही, असे भट्टोजी दीक्षितांची सिद्धान्तकौमुदी उदाहरणासह दाखवते. मन हरीकडे लावणे हा प्रयत्न नसतो का? साधना केलेल्या कोणालाही विचारावे. त्याहून अवघड प्रयत्न तो दुसरा सांगणार नाही. तरीही व्याकरण त्याला चेष्टा म्हणत नाही, कारण तिथे पाय उचलत नाही, अंग हलत नाही. पाणिनीच्या लेखी चेष्टा म्हणजे शरीराचे हलणे. प्रयत्न हा अर्थ इथे घातला तर सूत्राची अटच निरर्थक होते.

न्यायसूत्रांचीही साक्ष अशीच आहे. गौतमाने शरीराची व्याख्या करताना त्याला तीन गोष्टींचा आश्रय म्हटले: चेष्टा, इंद्रिये आणि अर्थ. वात्स्यायन भाष्यात उलगडून सांगतो की हवे ते मिळवण्यासाठी किंवा नको ते टाळण्यासाठी शरीर जे करते ती चेष्टा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराच्या सगळ्या चेष्टा वातामुळे होतात असे म्हटले आहे. तिथे वैद्याला रोग्याचे प्रयत्न अभिप्रेत नाहीत, हातापायांची हालचाल अभिप्रेत आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय न्यायसभेत बसलेल्या राजाला साक्षीदाराचे मन ओळखण्याच्या खुणा सांगतो: चेहरा, इशारे, चाल, चेष्टा, बोलणे, डोळ्यांतले आणि तोंडावरचे बदल. पंचतंत्रातही हीच यादी येते. चाल आणि बोलणे यांच्या मधोमध बसलेली ही चेष्टा ‘प्रयत्न’ असूच शकत नाही. ती हावभाव आहे, अंगविक्षेप आहे, माणूस नकळत जे करून जातो ते आहे.

समोरून गीतेचा दाखला येईल. सहाव्या अध्यायात आहार-विहाराच्या जोडीने कर्मांतली चेष्टाही युक्त असावी असे सांगितले आहे, आणि तिथे ‘उद्योग’ हा अर्थ चपखल बसतो. हे मान्य आहे. वात्स्यायनाच्या भाष्यातही हेतूचा धागा आहेच. संस्कृतातल्या चेष्टेत दोन गोष्टी होत्या: हलणारे अंग आणि त्यामागचा हेतू. ज्या भाषांनी हेतूवर भर दिला त्यांच्याकडे ती प्रयत्न झाली. ज्यांनी अंगावर भर दिला त्यांच्याकडे ती हावभाव झाली, चाळे झाली आणि पुढे थट्टा झाली. यातल्या एकाच वाटेला घराणे म्हणायचे आणि दुसरीला आडवाट, याला कसलाही आधार नाही. खुद्द हिंदी शब्दसागर हा मोठा कोश चेष्टेच्या नोंदीत शरीराच्या अवयवांची गती हा अर्थ आधी देतो आणि उद्योग-प्रयत्न त्यानंतर. म्हणजे जो अर्थ मूळ म्हणून आपल्यापुढे धरला जातो, तो हिंदीच्या घरातही नंतरचाच आहे.

आणखी एक साक्षीदार तर मराठी वर्तमानपत्रांत रोज हजर असतो. तो म्हणजे ‘निश्चेष्ट’. अपघाताच्या बातमीत दुचाकीस्वार रस्त्यावर निश्चेष्ट पडला होता असे आपण वाचतो. त्याने प्रयत्न सोडले होते, असा अर्थ कोणी घेत नाही. त्याची हालचाल थांबली होती एवढेच कळते. हा शब्द हिंदीतही याच अर्थाने चालतो. चेष्टेतली हालचाल गळून गेली असती तर निश्चेष्ट हा शब्द दोन्ही भाषांत केव्हाच मेला असता.

दुसरा आधार शेजाऱ्यांचा. हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया, नेपाळी अशी यादी देऊन मराठी एकटी पडली असे दाखवले जाते. या यादीकडे नकाशावर पाहावे. ती सगळी उत्तरेची आणि पूर्वेची आहे. मराठीला दक्षिणेकडेही शेजार आहे आणि त्या शेजाराला साक्षीला बोलावण्याचे कोणाच्या मनातही आलेले नाही. कानडीत ‘चेष्टे’ म्हणजे खोडी, व्रात्यपणा. तेलुगूत ‘चेष्ट’ म्हणजे कृती, हावभाव, आणि वेडगळ चाळ्यांनाही तोच शब्द. तमिळने या शब्दाचे ‘सेट्टै’ केले आणि त्याचा अर्थ सरळ खोड्या असा झाला. लहान मुलाच्या उचापतींना तमिळ आई हाच शब्द वापरते. याहून बोलका पुरावा एका जोडशब्दाचा आहे. मराठीत आपण ‘माकडचेष्टा’ म्हणतो. कानडीत ‘कपिचेष्टे’ म्हणतात. तेलुगूत ‘कोति चेष्टलु’ म्हणतात, आणि कोति म्हणजे माकड. तीन भाषा, तीन वेगळे प्राणिवाचक शब्द, पण जोडणी तीच आणि अर्थही तोच. मराठी एकटी कुठे आहे? ती दक्षिणेच्या पंगतीत बसली आहे आणि तिथे तिला पुरेशी सोबत आहे.

बीडच्या माणसाला ही सोबत पुस्तकातून शोधावी लागत नाही. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता; त्या राज्यात मराठी, कानडी आणि तेलुगू मुलूख एका कारभाराखाली नांदत होते आणि दरबारची भाषा उर्दू होती. आजही दसरा-दिवाळीनंतर माजलगाव, धारूर, वडवणी, केज भागातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. तिथे फडात एखादे पोर खोड्या करू लागले की कानडी माणूस त्याला जे म्हणतो, ते बीडच्या आईला अर्ध्याहून जास्त समजते. ‘मूळ अर्थ प्रयत्न’ असे मानणाऱ्या विद्वानाला मात्र ते कळणार नाही.

मग एक पायरी उरते आणि ती महत्त्वाची आहे. कानडी-तेलुगू हावभाव, चाळे आणि खोड्यांपाशी थांबल्या. मराठी थट्टेपर्यंत गेली. ही शेवटची उडी तरी मराठीची मनमानी नाही का? नाही. त्या उडीची जमीन संस्कृत साहित्यशास्त्रानेच तयार केली आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने साहित्यदर्पणात हास्यरसाची कारणे सांगितली. विकृत रूप, विकृत वाणी, विकृत वेष आणि विकृत चेष्टा यांतून हसू उपजते. ज्याला पाहून लोक हसतात तो माणूस त्या रसाचे आलंबन, आणि त्याच्या चेष्टा हे उद्दीपन, म्हणजे हसू भडकवणारे कारण. चेष्टा आणि हसू यांची सोयरीक माजलगावच्या पारावर जुळलेली नाही. साहित्यशास्त्राच्या ग्रंथात ती आधीच जुळली होती.

प्रतिपक्ष इथे नेमके बोट ठेवील: हसू ‘विकृत’ या विशेषणामुळे येते, चेष्टेमुळे नाही. आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर भाषेच्या एका सर्वपरिचित सवयीत आहे. विशेषण वारंवार ज्या नामासोबत राहते, ते कालांतराने गळते आणि त्याचा रंग नामात उतरतो. मराठीत ‘वास’ हा शब्द घ्या. वास चांगला असू शकतो, वाईटही. पण कोणी नाक मुरडून ‘वास येतोय’ म्हणाले तर दुर्गंधीच कळते. ‘बोलणी’ म्हणजे नुसते बोलणे. पण ‘बोलणी खाल्ली’ म्हटले की रागावणे. ‘वय’ प्रत्येकाला असते. ‘त्यांचं आता वय झालं’ म्हटले की म्हातारपण. चेष्टेचेही तसेच झाले. दुसऱ्याच्या चालण्या-बोलण्याची ओढूनताणून केलेली हालचाल हीच जेव्हा पुन्हा पुन्हा ‘चेष्टा’ या नावाने ओळखली गेली, तेव्हा ‘विकृत’ म्हणायची गरज संपली. आणि जिथे दुष्टपणा दाखवायचा होता तिथे मराठीने ‘कु’ हा उपसर्ग जपून ठेवला: कुचेष्टा. चांगल्या-वाईटाचा विवेक हरवलेली भाषा असे करीत नाही.

हालचालीपासून थट्टेपर्यंतचा हा प्रवास फक्त तत्सम शब्दाने केला असता तरी शंका घ्यायला जागा होती. पण तोच प्रवास मराठीत इतर शब्दांनीही केला आहे. ‘चाळे’ हा शब्द चळणे, हलणे याच गोत्रातला. आज चाळे म्हणजे नको ते हावभाव. ‘नक्कल’ अरबीतून फारसीच्या वाटेने आली. अर्थ प्रत, उतारा. माजलगावच्या तहसील कचेरीत फेरफाराची नक्कल काढायला अर्ज करावा लागतो आणि त्याच गावच्या गणेशोत्सवात एखादा पोरगा पुढाऱ्यांच्या नकला करून टाळ्या घेतो. सरकारी दस्तऐवजाची नक्कल मागणारा शेतकरी आणि नकला पाहून हसणारा शेतकरी एकच असतो. त्याला कधी घोटाळा वाटत नाही. एखाद्याच्या अंगाची हुबेहूब प्रत उतरवली की हसू येते, हे माणसाच्या स्वभावातच आहे. त्यामुळे हालचाल किंवा प्रत दाखवणारे शब्द थट्टेकडे वळतात, मग ते संस्कृत असोत, देशी असोत की अरबी.

आता तिसरा आधार: फसगत आणि अनावश्यकता. फसगतीचा मुद्दा एका कसोटीवर घासून पाहू. अर्थ बदललेला प्रत्येक तत्सम शब्द जर चुकीचा ठरवायचा असेल तर नियम सगळ्यांना सारखा लावावा लागेल. संस्कृतातला राग म्हणजे रंग, आसक्ती. मराठीतला राग म्हणजे संताप. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण, आणि वेदांगांपैकी शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. धर्मशास्त्रात साहस हा जबरदस्तीच्या गुन्ह्यांचा प्रकार होता. आज मराठी आणि हिंदी दोन्हींत ते कौतुकाचे आहे. कादंबरी ही बाणभट्टाच्या कथेची नायिका. मराठीत आणि कानडीत ती साहित्यप्रकाराचे नाव झाली. यांपैकी एकाही शब्दाला कोणी मराठीत बिघडलेला म्हणत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा दाखला हिंदीच्या घरातलाच आहे. संस्कृत काव्यशास्त्रात ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित अर्थ, ध्वनिवाद्यांच्या मते काव्याचा प्राण. मम्मटाने काव्यप्रकाशात अशा सूचक गोष्टींची गणना करताना चेष्टेलाही स्थान दिले: बोलल्यावाचून, नुसत्या हावभावातूनही व्यंग्य कळते. या एवढ्या उंच शब्दाचा हिंदीने अर्थ केला उपहासात्मक लेखन. हरिशंकर परसाईंना सारे जग व्यंग्यकार म्हणून ओळखते आणि ते योग्यच आहे. ज्या न्यायाने मराठीची चेष्टा चुकली, त्याच न्यायाने हिंदीचे व्यंग्य चुकले म्हणावे लागेल. दोन्हींपैकी एकही चुकलेले नाही. ज्या भाषेत जो शब्द जगतो, त्या भाषेने त्याचा अर्थ ठरवायचा असतो.

उर्दूचाही एक दाखला द्यावासा वाटतो, कारण तो आमच्या बोलीतला आहे. बीडकडे सर्रास ‘मजाक’ म्हणतात. हा शब्द अरबीत चव, रुची या अर्थाचा. उर्दूत तो विनोद झाला आणि निजामी अमदानीतून आमच्या तोंडी आला. मूळ अर्थावर अडून बसायचे तर मजाक करणे म्हणजे चव घेणे म्हणावे लागेल.

राहिला अनावश्यकतेचा प्रश्न: थट्टा असताना चेष्टा कशाला? याचे उत्तर शब्द वापरणाऱ्यांकडे पाहून द्यावे लागते. बीड जिल्ह्यातल्याच केज तालुक्यातले विडा हे गाव त्यासाठी चांगले उदाहरण आहे. तिथे धुळवडीला गावातल्या एखाद्या जावयाला पकडून गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात आणि वाजतगाजत मिरवतात. ही प्रथा ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. सण जवळ आला की जावई दडून बसतात आणि गावकरी त्यांच्या मागावर असतात. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी दिली जाते. गाढव, चपलांचा हार, गावभर फेरी: बाहेरून पाहिले तर ही धिंड आहे. एकेकाळी गुन्हेगाराला अशीच शिक्षा होत असे. पण विड्यात कोणी तिला धिंड म्हणत नाही. तिला थट्टा म्हणतात, कारण नात्याने तिला परवानगी दिली आहे आणि शेवटच्या अंगठीने त्या परवानगीवर मोहोर उठवली आहे. याच जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला अधिक महिन्यात पुरुषोत्तमाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आठवावी. त्या धोंड्याच्या महिन्यात हाच जावई देवाच्या मानाने घरी बोलावला जातो, त्याला धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. वर्षातला एक दिवस गाढवावर आणि अधिकातला एक दिवस पाटावर. थट्टा हा शब्द या आपलेपणात राहतो.

चेष्टेचे कार्यक्षेत्र थोडे वेगळे आहे. ‘अहो, चेष्टेत म्हणालो’ म्हणताना ती हलकी असते. ‘चेष्टेवारी नेऊ नको’ म्हणताना ती इशारा होते. ‘गरिबाची चेष्टा करायलास का?’ असे बीडच्या बोलीत कोणी विचारले की ती गंभीर आरोप होते. थट्टेत नाते आधीच ठरलेले असते; चेष्टेत ते नसते, आणि म्हणून चेष्टा कोणाची, कोणी आणि कोणासमोर केली यावर तिचे वजन ठरते. आणखी एक गोष्ट तिच्या मूळ अर्थाशी घट्ट जोडलेली आहे. खिल्ली उडवायला तोंड लागते. चेष्टा मात्र नुसत्या कृतीनेही होते. सोयाबीन पाण्यात गेल्यावर हाती पडलेल्या तुटपुंज्या रकमेकडे पाहून शेतकरी म्हणतो, ‘ही आमची चेष्टा आहे.’ तिथे कोणी काही बोललेले नसते, कोणी हसलेलेही नसते. एक कृती झालेली असते आणि ती कृतीच माणसाला कमी लेखते. पाणिनीने ज्या चेष्टेला शरीराची क्रिया म्हटले, तिचा अंश या वाक्यात अजून शाबूत आहे.

ही सीमा पक्की भिंत आहे असा माझा दावा नाही. वर्तमानपत्रे ‘शेतकऱ्यांची क्रूर थट्टा’ असेही छापतात, आणि नशीब थट्टा मांडते असे आपण सगळेच म्हणतो. पण तिथेही पाहावे: थट्टेला कठोर करायचे तर बहुधा आधी ‘क्रूर’ लावावे लागते, कारण एकटी थट्टा मुळात प्रेमळ आहे. समानार्थी म्हणून शेजारीशेजारी ठेवलेल्या शब्दांत असे कल असतात आणि बोलणाऱ्याला ते नेमके ठाऊक असतात. एक शब्द काढून टाकला तर दुसरा त्याची जागा भरून काढत नाही.

चेष्टेच्या बाबतीत तर तोटा आणखी मोठा आहे. मराठीजवळ या शब्दाची अखंड साखळी आहे. निश्चेष्ट म्हणजे हालचाल नसलेला. माकडचेष्टा म्हणजे उगाच केलेली वेडीवाकडी हालचाल. चेष्टा म्हणजे दुसऱ्याला लक्ष्य करून केलेली तशीच कृती किंवा उक्ती. कुचेष्टा म्हणजे त्यात मिसळलेले विष. चेष्टेखोर म्हणजे तिची सवय जडलेला. संस्कृतातल्या हालचालीपासून आजच्या टवाळीपर्यंतचा सगळा प्रवास या शब्दांत टप्प्याटप्प्याने दिसतो, आणि मराठी मुलाला तो बाहेरचा कोश न उघडता दाखवता येतो. मधल्या ‘चेष्टा’ या कडीला चुकीची ठरवून काढली की निश्चेष्ट एकीकडे आणि कुचेष्टा दुसरीकडे, अशी दोन टोके उरतात आणि त्यांचे नाते कोणालाच सांगता येत नाही. फसगत टाळण्याच्या नावाखाली आपण समजण्याची वाटच बुजवतो.

शेवटी ‘अर्थापकर्ष’ या शिक्क्याविषयी. ही संज्ञा खरी आहे आणि काही शब्दांना लागूही पडते. चेष्टेला ती लागू नाही. चेष्टा हा शब्द आज शिवी झालेला नाही, सभेत उच्चारता येणार नाही असा झालेला नाही, ग्रंथातून हद्दपार झालेला नाही. झाले आहे ते एवढेच की पूर्वी कोणत्याही अंगक्रियेला लागणारा शब्द एका विशिष्ट क्रियेपुरता राहिला. याला अर्थसंकोच म्हणतात. आणि संकोचात खाली घसरणे नसते. तरीही विद्वान ‘अपकर्ष’ म्हणतात, त्यामागे एक न बोललेले गृहीतक आहे: प्रयत्न ही थोर गोष्ट आणि हसणे ही हलकी. हे मूल्यमापन आहे, भाषाशास्त्र नव्हे. भरतमुनींनी नाट्याच्या आठ रसांत हास्याला बसवले. आमच्या गोदावरीच्या काठी पैठणला एकनाथांनी भारुडे रचली. ती सोंग घेऊन, हातवारे करून, आंधळ्या-बहिऱ्याची, जोश्याची, गोंधळ्याची भूमिका अंगावर घेऊन सादर होतात. अंगाच्या हालचालीतून हसवत हसवत माणसाला त्याच्याच दोषांसमोर उभे करण्याची ही रीत आहे. चेष्टेला हास्याकडे नेणारी भाषा तिला खाली नेते असे ज्याला वाटते, त्याने भारुडाला आधी खालचे म्हणून दाखवावे.

संस्कृत आणि मराठी यांचा या मातीतला संबंध जुना आहे. पुरुषोत्तमपुरीला सापडलेला यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट संस्कृतात आहे. त्याच काळात याच मुलखात मराठी ग्रंथरचना भरात होती. दोन्ही भाषा एका गावात, अनेकदा एकाच माणसाच्या तोंडी नांदत होत्या. संस्कृत शब्द मराठीत उसना आला आणि परत करायचा राहून गेला, असे त्यांचे नाते नव्हते. तो इथल्या लोकांनी घेतला, वापरला, आपल्या कामाला लावला आणि त्याला नवे अर्थ दिले. हा अधिकार ताम्रपट लिहिणाऱ्या पंडितापेक्षा त्या काठावर नांगर धरणाऱ्याचा तसूभरही कमी नव्हता.

हा वाद एका शब्दाचा असला तरी त्याची झळ माणसांना लागते. मराठवाड्याच्या माणसाला त्याच्या बोलण्यावरून हटकण्याची सवय पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांत जुनी आहे. त्याचे ‘करायलाय’, ‘जायलाय’ हे अशुद्ध. त्याचा हेल हसण्याजोगा. आणि आता त्याच्या तोंडचा एक निर्दोष तत्सम शब्दही चुकीचा. भाषेची दुरुस्ती म्हणून जे केले जाते ते प्रत्यक्षात बोलणाऱ्याला गप्प करते. शाळेत हात वर करून बोलू पाहणारे पोर दोनदा असे हटकले गेले की तिसऱ्यांदा हात वर करीत नाही. आणि इथे तर हटकणाऱ्याचीच माहिती अपुरी आहे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. शब्दकोशांनी आणि पाठ्यपुस्तकांनी चेष्टेचा मूळ अर्थ ‘प्रयत्न’ असा देणे थांबवावे. मूळ अर्थ शरीराची हालचाल, हावभाव असा द्यावा, आणि त्यातून प्रयत्न व थट्टा हे दोन अर्थ दोन दिशांना फुटले असे लिहावे. हिंदीच्या शिक्षकाने हिंदीतला अर्थ शिकवावा, पण मराठीतला अर्थ खोडू नये. मराठीच्या शिक्षकाने निश्चेष्ट, माकडचेष्टा, चेष्टा, कुचेष्टा हे चार शब्द फळ्यावर एका ओळीत लिहावेत आणि त्यांचे नाते मुलांकडूनच काढून घ्यावे. त्यांना ते येते. चेष्टा म्हणजे थट्टा हा अर्थ मराठी माणसांनी शतकानुशतकांच्या वापराने कमावला आहे. तो शुद्ध आहे आणि मराठीने तो कोणाचीही परवानगी न मागता वापरत राहावा.